तळघरातली उघाडी

हौसाला भोक दिसलं की राहवत नसे. पत्र्याला पडलेलं असो, कुडाला असो, नाहीतर उंदरानं पोखरलेलं असो. हातातलं काम बाजूला ठेवून ती आधी ते बुजवी आणि मग, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं, सोडलेलं काम पुन्हा उचली. शेजारणी हसत. पण ही खोड तिची एकटीची नव्हती. ती गव्हाणची, मिठागरावरची. तिचा बाप काळूराम खाडीच्या बांधाची राखण करी. बांधाला चिंबोरी, म्हणजे खाडीचा खेकडा, बीळ पाडते. सकाळी त्यात करंगळी जाते, भरती येऊन गेली की मूठ जाते, आणि तेव्हाही कुणी पाहिलं नाही तर दुसऱ्या दिवशी बांध जागेवर नसतो. वर्षाचं मीठ आणि बांधाच्या अलीकडची भातशेती, दोन्ही खाडीच्या पोटात. म्हणून तिकडच्या पोरांना चालता येऊ लागतं त्याच सुमारास हेही येऊ लागतं. भोक दिसलं की कुणाला विचारायला जायचं नाही. वाकायचं, चिखलाचा गोळा करायचा, दाबायचा, वर टाच मारायची.

सबंध बांधात एकच भोक मुद्दाम राखलेलं असे. ते उघाडीचं. लाकडाची एक फळी, वरच्या कडेला अडकवलेली, खाडीच्या अंगाला झुलणारी. भरती आली की खाडीच तिला दाबून बंद करी. ओहोटी लागली की शेतात साचलेलं पावसाचं गोडं पाणी आतून तिला ढकलून बाहेर पडे. लहानपणी हौसा तासन् तास तिच्यापाशी बसून राही. तिला वाटे, त्या फळीला सगळं कळतं.

लग्न होऊन ती पनवेलला आली. नवरा तुळशीराम भाताच्या गिरणीत कामाला. लोखंड आणि सिमेंट या दोन गोष्टींवर त्याचा देवासारखा विश्वास. त्याचा बाप बंदराजवळच्या एका तेलाच्या व्यापाऱ्याकडे राखणदार होता. सत्तेचाळीस साली तो व्यापारी पुण्याला मुलाकडे निघून गेला आणि जाताना आपलं जुनं घर या इमानी माणसाला थोडक्यात देऊन गेला. घर कसलं, दगडी जोत्यावर उभी केलेली वखारच ती. खाली सात पायऱ्या उतरून तळघर. तिथं पूर्वी तेलाचे बुधले थंडाव्याला ठेवत. तळघराच्या मधोमध दगडी तळखडा, त्याच्यावर सागाचा एक खांब. तो खांब वरच्या माजघरातून आरपार जाऊन आढ्याला भिडलेला. आजूबाजूच्या भिंती होत्या त्या आडोशापुरत्या. घर त्या एका खांबावर होतं.

राहायला आले त्या दिवशी हौसा केरसुणी घेऊन तळघरात उतरली. तेलाचा जुना वास होता, पण जमीन कोरडी होती. बंदराकडच्या भिंतीच्या पायथ्याशी, अगदी कोपऱ्यात, मूठ जाईल एवढं भोक होतं. त्यातून खारा वारा येत होता. आणि तोंडाशी एक चिंबोरी डोळे वर काढून बसली होती.

मग काय, विचारायलाच नको. हौसानं बंदरावरून चिकण माती आणली, त्यात भाताचा कोंडा आणि चुना घालून मळली, हात जाईल तिथवर आत ठासली आणि वरून टाच मारली. भिंतीसारखंच लिंपण केलं. वर येऊन पाय धुतले आणि भात टाकला. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. केर काढला म्हणून कुणी सांगतं का? आठ दिवसांत ती स्वतःही ते विसरून गेली.

पुढच्या पावसाळ्यात तळघराला ओल आली.

पहिल्यांदा ती घामासारखी होती. श्रावणात उधाणाची भरती आली की जमीन काळवंडे, आणि अष्टमीच्या सुमाराला भरतीचा जोर ओसरून भांगाचे दिवस आले की पुन्हा उजळे. साऱ्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं की हे खाडीचं पाणी. भरतीबरोबर चढतं, भांगाला उतरतं, म्हणजे दुसरं कुठलं असणार? तुळशीरामनं गवंडी लावला नाही. स्वतःच विटांचा भुगा आणि चुना कालवून जमीन चोपली. ती दोन वर्षं टिकली. मग त्यानं कोबा घातला, तो मधोमध फुगला. मग सिमेंट. परमिट काढून आणलेल्या दोन गोण्या त्यानं माजघरात देव्हाऱ्याशेजारी ठेवल्या होत्या, त्यावरून हौसानं त्याला वर्षभर छळलं.

"गोणीला हळदकुंकू वाहा," ती म्हणे. "तुमचं शिमीट खाडीला भीत नसंल. पन खाडीबी भीत नाय शिमिटाला."

सिमेंटलाही खालून तडे गेले. दर साली नवी रेघ. तुळशीराम थापी घेऊन खाली बसे, हौसा वरच्या पायरीवरून कंदील धरी आणि बोले. बोलणं फार जहरी नसे, पण चुकत नसे. बारा वर्षांत तुळशीराम उत्तर द्यायचा थांबला होता.

एकोणसाठ सालच्या आषाढात माजघराचं दार लागेना. तुळशीरामनं दार तासलं. चार दिवसांनी ते पुन्हा अडलं. मग त्यानं खांबाला ओळंबा लावला, खाली उतरून पाहिलं आणि बराच वेळ वर आला नाही. तळखडा दोन बोटं खचला होता.

गल्लीच्या टोकाला भगवान गवंडी राहत होता. तो आला, विडी विझवून खाली उतरला, तळखड्याभोवती पहारीनं टोचून पाहिलं. पहार लोण्यात जावी तशी गेली.

"खालची माती पातळ झालीय," तो म्हणाला. "अजून दोन बोटं बसला की तुळई खांबाच्या खाचेतून सुटंल. मग पोस्टमनला नवा पत्ता देऊन ठेवा."

"उपाय?" तुळशीरामनं विचारलं.

"पाऊस संपल्यावर. भर श्रावणात तळखडा उचलायला मी काय वेडा आहे? नारळी पुनवेचं उधाण निघालं, तर गणपतीनंतर या माझ्याकडे."

"आनि नाय निघालं तर?" हौसा म्हणाली.

भगवाननं विडी पुन्हा पेटवली. "तर कशाला याल माझ्याकडे?"

भांगाचे चार दिवस हातात होते. त्या चार दिवसांत नवराबायकोनं तळखड्याभोवतीची मऊ माती काढून दगडगोटे ठासले आणि वर सिमेंटचं जाड कडं केलं. सून वेणू सात महिन्यांची गरोदर होती. तिचा नवरा उरणला कामावर, म्हणून ती सासूसासऱ्यांपाशीच होती. तिला जड उचलू देत नसत, तेव्हा ती पायरीवर बसून वाळू चाळी.

"मामंजी, कडं बाकी देखनं झालंय," ती म्हणाली. "खांबाला पाटल्या घातल्यात नुसत्या."

तुळशीराम हसला. हौसा हसली नाही. ती कड्यावर तळवा ठेवून बसली होती. दगडाखाली काहीतरी हलतंय असं तिला वाटत होतं.

पौर्णिमा गेली. बंदरावर नारळ वाहून लोक परतले. तळघरात बोटभर पाणी साचलं, पण खांब हलला नाही. गल्लीत सगळे म्हणाले, निघालं उधाण. हौसाला ठाऊक होतं, पुनवेपेक्षा बिजेचं पाणी मोठं. तिसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला. तिनं बोटांवर हिशेब केला. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हे बापानं शिकवलेलं. बीज म्हणजे दोन. दोनाची पाऊणपट दीड. खाडीतून पनवेलच्या बंदरापर्यंत चढायला पाण्याला आणखी अर्धा तास. दोन वाजता भरती पुरी होईल.

अकरा वाजता सिमेंटचं कडं तडकलं. आवाज फार मोठा झाला नाही. सुपारी फुटावी तेवढाच. पण वर माजघराखालची तुळई कुरकुरली आणि देव्हाऱ्यातला टाक आपोआप कलंडला.

"वेणू, देव घे आनि सत्यवतीकडं जा," हौसा म्हणाली. सत्यवती म्हणजे बंदराच्या भिंतीला लागून राहणारी शेजारीण. "भांडी नको. तू जा."

तुळशीरामनं भगवानला हाक मारली. तो बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस नव्हता, हे बरं. श्रावणात खाली पाय ठेवणार नाही म्हणाला होता, पण दोन जाड बल्ल्या खांद्यावर टाकून धावत आला. त्यानं आणि तुळशीरामनं तुळईखाली खांबाच्या दोन्ही बाजूंना बल्ल्या दिल्या, पाचरी मारल्या. बल्ल्यांचे पायही त्याच ओल्या जमिनीवर. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं आणि चढत होतं. हौसानं कोळशानं खांबावर पाण्याची रेघ ओढली. थोड्या वेळानं ती रेघ बुडाली, तिनं वर दुसरी ओढली.

तुळशीरामनं बादली उचलली. दोन बादल्या पायऱ्यांवरून वर फेकल्या, तिसरी भरली, आणि कड्याच्या तड्यातून वाळूचा एक बारीक कारंजा उसळला. हौसा पाण्यातूनच धावली आणि तिनं त्याचा हात धरला.

"उपसू नका."

"मंग काय पूजा करू पान्याची?"

"आवो, खालचं पानी वर दाबतंय, वरचं त्याला धरून हाय. वरचं काढलंत का खालचं उसळंल आनि दगडाखालची माती घेऊन वर यील. भरती फिरंस्तवर हात लावायचा नाय."

"अजून तीन तास हायेत."

"हायेत."

"म्हणजे नुसतं बघत बसायचं?" भगवान म्हणाला. "बाई, बांध राखायचा तो गव्हाणला. हे घर आहे."

तिघं पायरीवर बसले. वर पाऊस, खाली पाणी, मध्ये तुळईची कुरकुर. हौसा खालून तिसऱ्या पायरीवर होती. पाणी पहिल्या पायरीवर चढलं. गिरणीचा एकचा भोंगा झाला. खांब अर्धं बोट आणखी बसला, तेव्हा तुळईच्या खाचेतून मातीची धार तुळशीरामच्या खांद्यावर पडली. त्यानं ती झटकली नाही.

वेळ जात नाही तेव्हा हात काहीतरी करतातच. हौसानं बोट पाण्यात बुडवलं आणि मिठागरावर दिवसातून दहा वेळा करत असत तसं, आगरातलं पाणी किती खारावलंय हे बघण्यासाठी करत तसं, जिभेला लावलं.

तिनं पुन्हा बुडवलं. पुन्हा लावलं.

"खारं नाय," ती म्हणाली.

"काय?"

"पानी. चाखून बघा."

"आता तेवढंच राहिलं होतं," भगवान पुटपुटला. तुळशीरामनं मात्र ओंजळ तोंडाशी नेली. "तेलकट लागतंय."

"तेलकट हाय. पन गोडं हाय."

बारा वर्षं जमिनीला ओल होती. या पुनवेआधी चाखण्याएवढं पाणी कधी साचलंच नव्हतं, आणि खाडीचं पाणी खारं असतं का, हे बघायला कोण वाकणार? हौसा पाण्याकडे बघत राहिली. हे वरच्या अंगाचं पाणी होतं. सुकापुराकडच्या शेतांत मुरलेला पाऊस जमिनीखालून खाडीकडे निघालेला. उधाणात खाडी फुगली की त्याची वाट अडे आणि तो तळघरात चढे. खाडी कधी आत आलीच नव्हती. ती नुसती दाराशी उभी राहत होती. आणि गोड्या पाण्याला बाहेर जायला दार हवं असतं, एवढं तर गव्हाणचं शेंबडं पोरही सांगेल. जुन्या शेटनं ते ठेवलं नसेल असं होईल का?

मग तिला ती चिंबोरी आठवली. डोळे वर काढून बसलेली.

गप्प राहणं सोपं होतं. या घरात बारा वर्षं चूक कुणाची हे ठरून गेलेलं होतं. शेजारी तुळशीराम थापी मांडीवर ठेवून बसला होता. थापीला आता काहीच काम नव्हतं, तरी त्यानं ती खाली ठेवली नव्हती.

"आवो," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यात भोक व्हतं. मोरी व्हती."

"कुठं? मी कवा बघितली नाय."

"मी बुजवली. आपन ऱ्हायला आलो त्याच दिवशी."

भगवाननं तोंडातली विडी काढली. तुळशीराम कोपऱ्याकडे बघत होता, जिथं आता नुसतं काळं पाणी होतं.

"बारा वर्सं," तो शेवटी म्हणाला. "आनि मला शिमीट शिकवत व्हतीस."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. मग तो पुन्हा बोलला, पण वेगळ्याच आवाजात. "शेटकडं बुधले धुतले का बंदराच्या भिंतीशी तवंग यायचा. मोरपिसावानी रंग. आमी पोरं त्यात हात बुडवायचो. खालून तिसऱ्या थराच्या दगडाशी." तो थांबला. "तिथं तोंड असंल तिचं."

भगवान उठला. "मग बसलाय काय? फोडा."

"आता नाय," हौसा म्हणाली. "बाहेर खाडी वर हाय. आता फोडलं तर तीच आत यील. बाहेरचं तोंड उघडं पडू द्या."

तुळशीराम पावसात बाहेर गेला. सत्यवतीच्या ओट्यावर बसलेल्या वेणूला त्यानं भिंतीवरचा तिसरा थर दाखवला, आता तो पुरुषभर पाण्याखाली होता, आणि तोंड दिसलं की तळघराच्या झरोक्यातून हाक मार म्हणून सांगून परत आला. दोन वाजले. पाणी दुसऱ्या पायरीला टेकलं आणि थांबलं. उतरलं मात्र नाही. अडीच वाजले, तीन. बाहेर ओहोटी लागल्याचं सत्यवती ओरडून सांगून गेली. आत पाणी तसंच, खांब तसाच भिजत. एक बल्ली सरकली. भगवाननं ती खांद्यानं रेटून धरली आणि पाचर मारली.

"बाई, फोडा आता. खांब उभा आहे तोवर."

"नाय."

"तुमच्या एका भोकापायी—"

"भगवान," तुळशीराम म्हणाला, "ती सांगतेय तवा फोडायचं."

हौसानं मान वर केली नाही. पहार हातात घेऊन ती कोपऱ्यात उभी होती, मांडीपर्यंत पाण्यात.

चारच्या सुमाराला झरोक्यातून वेणूचा आवाज आला. "आय, दगड दिसला. त्याच्याखाली भोक हाय, बोट बोट शेवाळ हाय त्याला."

"पानी जातंय का आत?"

"लाट आली का जातंय. थांब." पावसाची धार झरोक्यावर वाजत होती. "आता नाय पोचत लाट. आता नाय पोचत, आय."

हौसानं पहार मारली.

लिंपण पापुद्र्यासारखं निघालं, पण आतला गोळा दगड झाला होता. तिनंच मळला होता. कोंडा आणि चुना बरोबर मापात पडला होता. पाण्याखाली घाव लागत नव्हता. तुळशीराम शेजारी आला, दोघांनी मिळून पहार धरली. एक ढलपा निघाला, मग दुसरा. हातभर आत गेल्यावर पहार मऊ गाळात घुसली आणि अडकली. पाणी जागचं हललं नाही. वर तुळईनं एक लांब सूर काढला.

हौसा पाण्यात आडवी झाली. गाल भिंतीला लावून तिनं खांद्यापर्यंत हात आत घातला आणि गाळ ओरबाडून मागे ओढू लागली. एक मूठ, दुसरी मूठ. बांगडी फुटली. चिंबोरीचं एक कोरडं कवच हाताला लागलं, तेही तिनं ओढलं. मग एका क्षणी गाळानं तिची बोटं सोडली आणि पाण्यानं धरली. कुणीतरी पलीकडून हात ओढावा तशी ओढ होती ती. तिनं हात काढून घेतला.

"चाललं," ती म्हणाली.

बाहेरून वेणू काहीतरी सांगत होती. पावसात शब्द नीट येत नव्हते. मग आले. "मामंजी, पान्यावर रंग आलाय. मोरपिसाचा."

दुसरी पायरी उघडी पडली, पहिली पडली. संध्याकाळपर्यंत कोळशाची सगळ्यात खालची रेघ दिसू लागली. खांब एकूण तीन बोटं खचला होता. तुळई खाचेत होती, नखाएवढी. भगवाननं ती नखाएवढी जागा बोटानं दोनदा चाचपली आणि विडी पेटवली.

गणपतीनंतर त्यानंच जॅक आणून खांब उचलून दिला आणि तळखड्याखाली काळा दगड बसवला. मजुरी घेतली नाही. म्हणाला, पाणी चाखायला शिकलो ते फिटलं. मोरीच्या बाहेरच्या तोंडाशी शेटच्या वेळच्या उघाडीचा गंजका खिळा तेवढा उरला होता, तिथं हौसानं स्वतः नवी उघाडी केली. बैलगाडीच्या मोडक्या फळीचा तुकडा आणि वर जुन्या वहाणेच्या चामड्याची बिजागरी. तुळशीरामला त्या फळीला सिमेंटची चौकट करायची होती. तिनं करू दिली. तो थापी फिरवत असताना ती शेजारी कंदील धरून बसली, दिवसाउजेडी. आणि बोलली नाही. शेवटी तोच म्हणाला, "कायतरी बोल गं. हात चालत नाय माझा."

"कड जाड झाली," ती म्हणाली, तेव्हा तो कामाला लागला.

वेणूला कार्तिकात मुलगी झाली. माजघराचं दार बोटानं ढकललं तरी लागू लागलं. घरात नवं माणूस आलं की भरती चढताना जमिनीखालून येणारा 'टक्' आवाज ऐकून दचके. घरच्यांना तो ऐकूच येत नसे.

हौसाची खोड मात्र पुरती गेली नाही. म्हातारपणीही भिंतीला कुठं भोक दिसलं, कुठून पाणी झिरपताना दिसलं, की ती हातातलं काम टाकून वाके, चिखल उचली. आणि मग, गोळा मुठीत तसाच धरून, दुसऱ्या हाताचं बोट त्या ओलीला टेकवून आधी जिभेला लावी.